उजेडबाईची बाटली

मोहदऱ्याला तेव्हा सडक नव्हती, वीज नव्हती आणि दवाखाना म्हणजे चावडीमागची एक खोली होती. किती वर्षं झाली म्हणाल, तर ती कोणी मोजलेली नाहीत. आजीच्या लहानपणची गोष्ट म्हटलं की आमच्याकडे भागतं.

त्या खोलीत एक नर्सबाई राहायची. मिशनच्या इस्पितळात शिकून आली होती असं म्हणतात. तिचं खरं नाव काय, यावर पारावर अजून वाद होतो आणि तो मिटत नाही. पण एवढं सगळे कबूल करतात की ती उंच होती, कमी बोलायची, आणि औषधाची कुठलीही बाटली हातात आली की आधी दारात जाऊन उन्हाला धरायची. डोळे बारीक करून आरपार बघायची, उलटी करून पुन्हा बघायची, मगच आत यायची. म्हणून गावानं तिला उजेडबाई म्हटलं. आधी चेष्टेनं म्हटलं, मग सवयीनं.

सलाइनला मोहदऱ्यात सलाइन म्हणत नसत, बाटली म्हणत. काचेची बाटली, तोंडाला रबरी बूच, बुचावर पत्र्याचं टोपण, आणि आत साखर-मिठाचं पाणी. ती उलटी टांगायची आणि नळीनं पाणी थेंब थेंब शिरेत सोडायचं. शेजारच्या बाजारगावी कोणी एक बाटली लावून घेऊन आला आणि बैलासारखा कामाला लागला, तेव्हापासून गावाला बाटलीचं वेड लागलं. सुगी सरली की आंबलेल्या अंगांची माणसं दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसत.

"बाई, अंग मोडून आलंय. एक बाटली चढवा."

"गिळता येतं का?" उजेडबाई विचारायची.

"येतं की. सकाळीच दोन भाकरी खाल्ल्या."

"मग घरी जा आणि मीठ घालून ताक प्या."

पोलीस पाटलांना मधुमेह होता. तेही एकदा हट्टाला पेटले. बाई म्हणाली, "पाटील, तुमच्या रक्तात आधीच गुऱ्हाळ चालू आहे. त्यात मी आणखी साखर ओतू?" पाटील रुसून गेले. बाई हाताची आखडती आहे, बाटल्या काय माहेरी नेणार आहे का, असं गाव बोलायचं. तिनं ऐकून घेतलं.

मग एका उन्हाळ्यात विहीर तळाला गेली आणि त्या गढूळ पाण्यातून गावात पटकी शिरली. जुलाब आणि उलट्या. धट्टंकट्टं माणूस दिवसभरात पिळून काढलेल्या धडप्यासारखं व्हायचं, डोळे खोल जायचे, आणि संपायचं. उजेडबाईनं विहिरीवर काट्या टाकल्या, पाणी उकळून प्यायला लावलं. डॉक्टर तालुक्याला होते, पण नदीकाठच्या गावांत याहून मोठा कहर होता आणि ते तिकडे अडकले होते. त्यांनी सांगावा धाडला, बाटल्यांचे खोके देतो, गाडी पाठवा.

गाडी रंभाजीची गेली. रंभाजीची बैलजोडी गावात सगळ्यांत चपळ होती, आणि त्याची लेक ठकू दवाखान्याच्या खोलीत उलट्या-जुलाबांनी पडून होती. ठकूला आई नव्हती. ती रोज उजेडबाईच्या दारातल्या अबोलीला पाणी घालायला यायची आणि पाण्यापेक्षा गप्पाच जास्त ओतायची. बाईला त्या पोरीचा फार लळा होता. "दादा, तुम्ही जा. मी तिच्यापाशी बसते," बाई म्हणाली, आणि रंभाजी गेला.

असं म्हणतात, त्याचे बैल घाटात चालले नाहीत, उडाले. पण उडणाऱ्या बैलांनाही मरीआईचं देऊळ ओलांडता येत नाही. घाटाच्या पायथ्याशी तिचं ठाणं. पटकी आणणारी तीच आणि नेणारी तीच. आणि मोहदऱ्याची रीत अशी, की आजाऱ्यासाठी जे काही येईल, दूध असो, ऊस असो, त्यातला पहिला घास देवीला द्यायचा, मगच सीमेच्या आत आणायचं. देवीला डावलून आणलेलं औषध लागू पडत नाही. परत येताना रंभाजीनं गाडी तिथं थांबवली. बाटलीत साखरपाणी आहे हे त्याला ठाऊक होतं. साखरपाणी म्हणजे नैवेद्यच की! त्यानं एकेका बाटलीचं टोपण अलगद उचकटलं, बूच उपसलं आणि देवीच्या पायावर धार धरली. मग उणी बाटली आजाऱ्याला कशी द्यावी, म्हणून कुंडातलं तीर्थ घालून ती काठोकाठ भरली, बूच दाबलं, टोपण पुन्हा नीट बसवलं. भक्तिभावानं केलं सगळं. त्याच्या भक्तीत खोट काढायला जागा नव्हती.

पुढे चढावर गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निघाली आणि ती बसवून घेईपर्यंत दोन दिवस खोके तापल्या खडकावर भाजत राहिले.

गाडी गावात शिरली तेव्हा उन्हं कलली होती. सगळं गाव दवाखान्यापुढे लोटलं. ओट्यावर माणसं आडवी पडलेली, त्यात डोंगरापलीकडच्या तांड्यावरून एका लमाण बाईनं खांद्यावर टाकून आणलेली तिची पोर घमली. उजेडबाईनं सुया-नळ्या उकळून तयार ठेवल्या होत्या. तिनं पहिली बाटली घेतली आणि नेहमीसारखी उन्हाला धरली.

पाणी धुरकट होतं. आत कापसाच्या तंतूसारखं काहीतरी तरंगत होतं.

तिनं ती बाजूला ठेवली, दुसरी धरली. तीही तशीच. तिसरीही. सूर्य पश्चिमेच्या हरणटेक टेकडीवर टेकला होता, आणि कंदिलाच्या उजेडात असलं बघणं होत नाही. असं म्हणतात, त्या दिवशी सूर्य टेकावर अडून राहिला. शेवटची बाटली बघून होईपर्यंत तो खाली उतरला नाही. गुरं गोंधळून वाटेतच उभी राहिली, कोंबड्या खुराड्यात जाईनात. पंचांगात याची नोंद नाही, पण पंचांगवाले त्या दिवशी मोहदऱ्यात कुठं होते?

शेवटची बाटली खाली ठेवून बाई म्हणाली, "यातली एकही चालणार नाही."

गाव उसळलं. रंभाजी पुढे आला.

"बाई, साखरपाणीच तर हाय. गढूळ तर गढूळ. लावा की! लेकरू हातचं चाललंय माजं."

"दादा, तोंडातून गेलेलं पोट निवडतं. नको ते उलटून टाकतं. शिरेला निवडणारं कोणी नाही. जे जाईल ते थेट काळजात जातं. हे गोड पाणी नासलंय. हे सोडलं तर पटकीच्या आधी मीच मारीन तिला."

कोणीतरी दगड उचलला. उजेडबाईनं त्या दगडाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं बाटली उचलली आणि ओट्याच्या कडेवर फोडली. मग दुसरी, मग सगळ्या. नाहीतर माणसं रात्री येऊन त्या नेतील, हे तिला माहीत होतं. अंगणभर गोड पाण्याचा चिखल झाला. आणि असं म्हणतात, त्या पाण्याला एक मुंगी लागली नाही. शेजारी वारूळ होतं, तरी मुंग्या लांबून वळसा घालून गेल्या. ते पाहून हातातला दगड आपोआप खाली आला. माणसाचं ऐकत नाही ते गाव मुंगीचं ऐकतं.

रंभाजी मटकन खाली बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. नैवेद्य सांगितला, तीर्थ सांगितलं. पण उठेना. बाईनं ओळखलं, अजून काही उरलंय.

"बोला दादा."

"एक बाटली म्या ठिवून घेतली," तो म्हणाला. "ठकूसाठी. गवतात दडवली. म्हटलं, हिच्यातलं कुनालाच द्यायचं न्हाई, देवीला बी न्हाई. तवाच चाकाची धाव निघाली बगा. कोपली ती माज्यावर. म्हून पोरगी अशी झाली."

त्यानं गाडीतल्या गवतातून घोंगडीत गुंडाळलेली बाटली काढली. टोपण जसंच्या तसं होतं. बाईनं ती उन्हाला धरली. सूर्य तेवढ्यासाठीच थांबला होता म्हणतात. बाटलीतून किरण असा निघाला की समोरच्या भिंतीवर इंद्रधनुष्य पडलं. पाणी स्वच्छ होतं.

बाई बाटली घेऊन ठकूपाशी गेली. तिच्या ओठांना उकळलेल्या पाण्याचा चमचा लावला. ठकूनं घोट गिळला, थोडा ओघळला, पण गिळला. मग बाई घमलीपाशी गेली. तिला चमचा लावला. पाणी ओठांतून तसंच बाहेर आलं. डोळे अर्धे उघडे, नाडी हाताला लागेना.

अबोलीला पाणी घालणारी पोर एकीकडे, आणि जिचं नावही तिनं आत्ताच ऐकलं ती दुसरीकडे. जन्मभर तिनं कोणापाशी बोलून दाखवलं नाही, पण त्या क्षणी तिला ठकूलाच बाटली लावावीशी वाटत होती. तिनं मागं वळून रंभाजीकडे पाहिलं.

"दादा, ठकूला गिळता येतंय," ती म्हणाली.

रंभाजीला कळलं. त्यानं लमाण बाईकडे पाहिलं, तिच्या पोरीकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. मग स्वतःच्या हातानं बाटली आढ्याच्या खुंटीला टांगली.

सुई शिरेत गेली आणि तेव्हा कुठं सूर्य हरणटेकामागे गेला.

बाईनं उकळून निवलेलं पाणी घेतलं, त्यात साखर आणि मीठ घातलं, चाखून बघितलं. "डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये," तिनं गावाला शिकवलं. ज्याला गिळता येत होतं त्याच्या उशाशी घरचं माणूस वाटी-चमचा घेऊन बसलं. उलटी झाली तर थोडं थांबायचं आणि पुन्हा चमचा लावायचा. रंभाजी ठकूला पाजत राहिला. हात अवघडला की हात बदलायचा. उजाडता उजाडता ठकूनं डोळे उघडले आणि विचारलं, "आबा, अबोलीला पानी घातलं का कुनी?" त्याच सुमाराला तिकडे घमलीनं चमचाभर पाणी गिळलं आणि तिच्या आईनं असा हंबरडा फोडला की लोकांना वाटलं पोर गेली.

सगळे वाचले नाहीत. पण वाचले ते चमच्यानं वाचले, आणि एक बाटलीनं.

उजेडबाई पुढे कुठं गेली ते कोणी सांगत नाही. बदली झाली असणार. पण गाव म्हणतं, ती उन्हात चालत गेली आणि उन्हातच विरघळली.

रंभाजी मात्र पिकल्या पानागत म्हातारा झाला. शेवटी तालुक्याच्या इस्पितळात त्याला गिळता येईनासं झालं, तेव्हा सिस्टर बाटली घेऊन आल्या. ठकूबाईनं ती मागून घेतली आणि खिडकीत उन्हाला धरली. पाणी स्वच्छ होतं. भ्रमात असलेला म्हातारा पुटपुटला, "आदी घमलीला लावा."

"तिला मिळाली आबा," ठकूबाई म्हणाली. "ही तुमची हाय."

आजही मोहदऱ्याचं माणूस इस्पितळात असलं की नातेवाईक बाटली आधी खिडकीशी नेतात. सिस्टर वैतागतात, पण थांबतात. आणि आषाढात मरीआईच्या जत्रेला मोठ्या पातेल्यात साखर-मिठाचं पाणी उकळतं. पहिला चमचा देवीला. तो घालायचा मान तांड्यावरच्या घमलीच्या लेकीसुनांचा. मग पुजारी मोठ्यानं विचारतो, "गिळता येतं का?" आणि सगळं गाव ओरडतं, "येतं!" मग सगळे एकेक चमचा पितात.

ज्याला येत नसेल त्याच्यासाठी गावाच्या दवाखान्यात एक बाटली ठेवलेली असते. मुदत सरायच्या आत ती बदलतात, उन्हाला धरून बघतात, आणि टोपण कोणी हलवत नाही. ती देवीच्या पायाशी नेत नाहीत. देवी रागावत नाही, असं म्हणतात.