घशातली बी

फार फार पूर्वीची गोष्ट. हिमालयाच्या पलीकडे, जिथल्या नद्या मातीच्या रंगाच्या वाहतात, तिथे एका खोल दरीच्या काठावर दोर वळणाऱ्यांचं गाव होतं. लहानांनो, नीट ऐका. मोठ्यांनो, तुम्हीही ऐका, आणि जमलं तर मध्ये बोलू नका.

गावाभोवती आलुबुखाराची झाडंच झाडं. फळं पिकली की सभा भरायची. तिशीच्या आतल्या प्रत्येकाने सभेत एक फळ खायचं आणि त्याची बी तोंडात धरून बसायचं, अशी रीत होती. सभा उठेपर्यंत बी थुंकायची नाही. तोंडात बी धरून बोलता येत नाही. याला ते मोठ्यांचा मान राखणं म्हणत. ही रीत कुणी ठरवली? ज्यांच्या तोंडात बी नव्हती त्यांनी.

दरीवर दोरांचा पूल होता. त्याचा मुख्य दोर गावच्या म्होरक्याने तरुणपणी एकट्याने वळला होता. आता तो म्हातारा झाला होता, पण दोराचा तोरा उतरला नव्हता. दरवर्षी दोराला लाल कापड बांधायचे, नमस्कार करायचे. "चाळीस वर्षं झाली, एक धागा हलला नाही!" म्हातारा म्हणायचा. दोराची परीक्षा घ्यायची सोडून लोक त्याची पूजा करत होते. पूजा सोपी असते. तिच्यात दोर हातात घेऊन पिळून बघावा लागत नाही.

त्या वर्षी कापड बांधायला म्हाताऱ्याची नात गेली. आईबाप लवकर गेलेली, आजोबांनी वाढवलेली, दोर वळायला त्यांनीच शिकवलेली. गावात तिच्याइतका कसलेला हात दुसरा नव्हता. गाठ मारताना तिचा अंगठा दोरात शिरला. वरून दोर काळा, चकचकीत. आतून पीठ.

दुसऱ्या दिवशी सभा होती. म्हातारा उठून म्हणाला, "यंदा दिव्यांच्या जत्रेला गावातली सगळी पोरं एकदम पुलावरून न्यायची. वाजतगाजत. बघू दे पलीकडच्यांना, आपला दोर काय चीज आहे!"

बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. ते काम त्यांना उत्तम जमायचं.

नातीने हात वर केला.

"बी आहे ना तोंडात? मग हात कशाला नाचवतेस?" म्हातारा म्हणाला.

सगळे हसले. नातीने हात खाली घेतला आणि आवंढा गिळला. त्याबरोबर बोलायचं होतं तेही गिळलं. सभेत ठरलेल्यावर नंतर ब्र काढणं म्हणजे सभेवर थुंकणं, असाही एक नियम होता. आणि दोर आजोबांचा होता. ज्या हातांनी तिला भरवलं त्या हातांचा.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या घशाखाली भाताचं शीत उतरेना.

"आजोबा, घशात बी अडकलीय."

"गिळलीस की काय?"

"नाही. थुंकली होती. तरी आहे."

म्हाताऱ्याचा जीव होता नातीवर, हे खोटं नाही. त्याने वैद्य आणले. पहिल्याने घशात डोकावून पाहिलं, बी दिसली नाही. दुसऱ्याने उलटीचं औषध दिलं, नुसतं पाणी पडलं. तिसरा सर्वांत वृद्ध, त्याची दाढी पोटापर्यंत. त्याने लांबूनच सांगितलं, "नाटकं आहेत. तरण्या पोरींना होतं असं." मग तो पोटभर जेवून गेला.

पंधरा दिवसांत पोर अंबाडीच्या काडीसारखी झाली. पेजेचं पाणीसुद्धा घशाशी अडायचं. जत्रा चार दिवसांवर आली होती.

तेव्हा शेजारणीने एक वैदू बाई आणली आणि सभेत काय झालं ते तिला वाटेतच सांगितलं. बाई पस्तिशीची. गुरूकडचं शिक्षण अर्धवट सोडलेली. गुरू म्हणायचे, "पाठ कर." ही विचारायची, "का?" एवढ्यावरून वाजलं आणि ही चालू पडली.

तिने घशात पाहिलंच नाही. नातीच्या डाव्या मनगटावर तीन बोटं ठेवली. आधी हलकी, मग दाबून. मग उजव्या मनगटावर. चहा निवला तरी तिची बोटं उठेनात.

"दुखतोय घसा, आणि तू मनगट काय धरून बसलीस?" म्हातारा खेकसला.

"नाडी ताणलेल्या दोरीसारखी लागतेय," बाई म्हणाली. "तुम्ही दोरवाले. तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे राग. मन एका खोलीत आणि शरीर दुसऱ्या खोलीत राहतं, असं आमचं शास्त्र मानत नाही, आजोबा. घर एकच आहे. राग यकृतात उतरतो. दुःख फुफ्फुसात, काळजी पोटात, भीती मूत्रपिंडात, कमरेपाशी. अंगातून जो प्राण वाहतो त्याला आम्ही 'ची' म्हणतो. राग गिळला की ची तुंबते, वर चढते आणि घशाशी गाठ होऊन बसते. ती गिळवत नाही आणि थुंकवत नाही. आमच्याकडे या दुखण्याचं नावच आहे, आलुबुखाराची बी."

"आमच्या घरात कुणी रागावत नाही!" म्हातारा ओरडला.

"ऐकू आलं," बाई म्हणाली. मग सहज विचारलं, "तुमची कंबर कधीपासून दुखतेय?"

म्हातारा चपापला. "तुला कुणी सांगितलं?"

"उठताना भिंत धरलीत."

"झाली चार वर्षं. म्हणून तर पुलापलीकडे जाणं होत नाही."

"अस्सं," बाई म्हणाली. तिने आल्याचा आणि कसल्याशा सालीचा काढा उकळला. "हा वाट मोकळी करील. पण बाहेर जे यायचंय ते हिलाच काढावं लागेल. उद्या सभा बोलवा. ही बोलेल. आणि ही बोलेपर्यंत बी तुमच्या तोंडात."

"माझ्या?"

"तुमच्या. आणि त्या माना हलवणाऱ्यांच्याही."

"वेडी आहेस का तू? या केसांना काही मान आहे की नाही?"

"आहे ना. केस राखा. नात जाईल."

म्हाताऱ्याने अंथरुणाकडे पाहिलं. रजईखाली पोर आहे की नुसती रजईच आहे, हे लांबून कळत नव्हतं. त्याने बी मागवली.

सभेला गाव लोटला. म्हातारे गाल फुगवून बसले होते, तरणी पोरं खाली बघून हसत होती. नातीला दोघांनी धरून आणलं. तिने तोंड उघडलं. आधी नुसता खोकला आला. मग एक शब्द आला.

"कुजलाय."

"काय?" कुणीतरी विचारलं.

"दोर. आजोबांचा दोर कुजलाय. आतून पीठ झालंय. माझा अंगठा आत गेला!" तिचा आवाज चढला. "मी हात वर केला होता. तुम्ही हसलात! त्या पुलावरून तुम्ही पोरं नेणार होतात, आजोबा. वाजतगाजत! तुमच्या तोऱ्यासाठी!"

ती ओरडली, रडली, पुन्हा ओरडली. म्हातारा लालबुंद झाला. पण तोंडात बी होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला दुसऱ्याचं वाक्य शेवटपर्यंत ऐकावं लागलं.

ती थांबली तशी त्याने बी थुंकली. "खोटं! मी आत्ता चालून दाखवतो!" तो तरातरा पुलाकडे निघाला. गाव मागून धावला.

त्याने पाय उचलला, तेवढ्यात नातीने त्याचा हात धरला. जिच्याने वाटी उचलवत नव्हती तिने.

"पाय ठेवायचा नाही!"

आवाज दरीत घुमला. तिच्या तोंडून आजोबांना असा हुकूम कधी गेला नव्हता.

म्हातारा थबकला. दोर समोर होता. त्याने नुसती नखं रोवली. पीठ उडालं. दोरवाल्याच्या हातांना खोटं बोलता येत नाही. तो मटकन खाली बसला.

"मला माहीत होतं," तो पुटपुटला. "चार वर्षांपूर्वी पुलाच्या मध्यावर दोर हाताखाली दबला. तेव्हापासून मी पलीकडे गेलो नाही. सांगितलं कंबर दुखते म्हणून. आणि मग ती खरंच दुखायला लागली."

बाईने मान डोलावली. तिला नवल वाटलं नाही.

म्हणजे बघा. त्याला भीती वाटत होती, म्हणून तो स्वतः जात नव्हता. पोरांना मात्र पाठवणार होता. मोठी माणसं नेहमी खोटं बोलतात असं नाही. ती खरं गिळतात, आणि मग आपल्यालाही गिळायला लावतात.

पोरांनी पुलावर धोंड्यांच्या चार टोपल्या लोटल्या. पाचवी लोटायच्या आत दोर तुटला. टोपल्या दरीत गेल्या. माणूस एकही गेला नाही.

"भूक लागलीय," नात म्हणाली.

शेजारणीने भात आणला. तिथेच काठावर बसून तिने वाटीभर खाल्ला, मग आणखी वाटीभर. घशात काही अडलं नाही.

त्या वर्षी जत्रा अलीकडच्याच काठावर झाली. नवा दोर आजोबा आणि नात मिळून वळू लागले. रोज भांडण. "पीळ ढिला आहे!" तो ओरडायचा. "तुमचा डोळा ढिला आहे!" ती ओरडायची. दोर मात्र पक्का झाला, तरी दरवर्षी त्याला लाल कापड बांधायच्या आधी कुणीतरी तरणं माणूस तो पिळून बघायचं, आणि मगच नमस्कार. म्हाताऱ्याची कंबर पुरती बरी झाली नाही, पण नव्या पुलावरून पहिला तोच चालला, कंबर न धरता.

आणि आलुबुखाराची रीत? ती अजून आहे. फक्त सभेच्या सुरुवातीला बी आता सर्वांत म्हाताऱ्याच्या तोंडात असते, आणि सर्वांत लहान आधी बोलतो.

बोध: गिळलेलं खरं अंगात दुखणं होऊन बसतं, म्हणून लहानांनी ते बोलावं आणि मोठ्यांनी तेवढा वेळ तोंड मिटावं.