खंड्याचा कोपरा

"महाराज, या कुत्र्याला शिकवायचं तरी कसं?"

मुकुंदाने विचारलं ते हात जोडूनच, पण आवाजात कुरबुर होती. टेकडीवरच्या त्या मठात देवघराची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. सोवळं इतकं कडक, की वाळत घातलेल्या पंच्याला कुणी बोट लावलं तरी हा गडी पुन्हा विहिरीवर जायचा.

अशा माणसाच्या नाकी नऊ आणले होते खंड्याने. सात-आठ महिन्यांचं काटकुळं कुत्रं. आख्खी टेकडी मोकळी पडलेली, पण याला मुतायला देवघराबाहेरचा कोपराच लागायचा.

चिंतोबामहाराज पायरीवर बसून शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "काय काय केलंस?"

"ओरडलो. काठीने मारलं. त्याच घाणीत नाक घासलं. दर वेळी कोपरा धुतो, शेणाने सारवतो, वर गोमूत्र शिंपडतो. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा तिथेच!"

"आणि बाहेर करतो तेव्हा?"

"तेव्हा काय म्हणायचं? ते त्याने करायलाच हवं."

"हं..."

"परवा माझा अनुग्रह," मुकुंद म्हणाला. "अशा विटाळलेल्या जागेत मी मंत्र कसा घेऊ? उद्या दूधवाला खाली जातोय. त्याच्याबरोबर याला बाजारात सोडायला पाठवतो."

एवढं बोलला खरा. पण थंडीत ओढ्याकाठी कुडकुडणारं ते पिल्लू उपरण्यात गुंडाळून वर आणलं होतं त्यानेच. जीवही त्यानेच लावला होता.

चिंतोबा उठले. "चल, कोपरा दाखव."

दोघे देवघरापाशी आले.

"वाक. अजून वाक. डोळे मीट. आता वास घे."

मुकुंद गुडघ्यांवर आला, नाक जमिनीला टेकलं. खंड्याला तो असाच वाकवायचा.

"कसला येतो?"

"गोमूत्राचा," मुकुंद म्हणाला. त्यातही थोडी ऐट होतीच.

"म्हणजे मुताचाच ना?"

"महाराज! ते पवित्र असतं."

"हे खंड्याला सांगितलंस?"

मुकुंदाने पुन्हा एकदा वास घेतला.

चिंतोबांनी खंड्याला हाक मारली. तिघे अंगणापलीकडच्या चाफ्याखाली गेले. खंड्याने बुंधा हुंगला, एक फेरी मारली, पाय उचलला. तेवढ्यात त्याची नजर मुकुंदावर पडली. पाय खाली आला. शेपूट पोटाशी गेली. आणि तो निमूटपणे मठाच्या दाराकडे वळला.

"लागलीय त्याला," मुकुंद म्हणाला, "मग करत का नाही?"

"तुझ्या देखत केलं की काठी बसते, एवढं तो शिकलाय. पक्कं शिकलाय. तुझ्या शिकवण्यात काही कमी नाही, मुकुंदा."

मुकुंदाचे डोळे भरून आले. त्याला त्या कुत्र्याच्या डोळ्याला डोळा देववेना.

"पाठ फिरव," चिंतोबा हळूच म्हणाले आणि खंड्याला चुचकारत झाडाखाली परत घेऊन आले.

मुकुंदाने पाठ फिरवली. थोडा वेळ काहीच नाही... मग वाळल्या पानांवर धार पडल्याचा आवाज आला.

"शहाणं गं माझं पोर ते!" चिंतोबांनी खंड्याचे कान कुरवाळले, मुठीतला शेंगदाणा त्याच्या तोंडात दिला. खंड्या सबंध अंगाने हलायला लागला. एवढं कौतुक त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं.

मुकुंदाने उपरण्याने डोळे पुसले.

"दूधवाल्याला नको म्हणून सांगतो, महाराज."

"सांग."

"आणि माझा अनुग्रह... परवाच ना?"

चिंतोबा पायरीवर जाऊन बसले. शेंगांची टोपली पुढे ओढली.

"ज्या दिवशी हा तुझ्या डोळ्यांदेखत, तुझ्याकडे बघत, बिनघोर तंगडी वर करील ना... त्या दिवशी अंघोळ करून ये."