हत्तीच्या थांब्याची जागा

फार पूर्वी हत्ती सवाऱ्या नेत असे, तेव्हा एका रानगावाने त्याच्या थांब्यावर छप्पर घालायचे ठरवले. पाहणी समितीत सगळे पक्षीच होते. अध्यक्ष घारबाईंनी आकाशात एक घिरटी घातली आणि थांबा कोल्ह्याच्या नव्या वसाहतीसमोर हलवायचे ठरवले.

"वरून काय शोभेल!" पोपट म्हणाला.

कासवकाकूंना डोळ्यांच्या औषधासाठी दर आठवड्याला हत्तीवरून वैद्याकडे जावे लागे. एवढ्या लांबचा थांबा त्यांना कधीच गाठता आला नसता. त्या तडक सभेत शिरल्या.

"घारबाई, तुम्ही हत्तीवर शेवटचं कधी बसलात?"

"मला काय गरज?"

"तेच म्हणतेय मी. उद्या दुपारी आमच्या बिळांपासून वसाहतीपर्यंत चालत या. पंख मिटून."

सभा खो खो हसली. घारबाई मात्र दुसऱ्या दिवशी इरेला पेटून आल्या. सोबत कासवकाकू आणि नोंदी घ्यायला पोपटही होता. फुफाट्यात त्यांचे पाय भाजले. अर्ध्या वाटेवरच्या चिंचेखाली त्या मटकन बसल्या.

"काकू, जरा इथं थांबूया."

"थांबूया की," कासवकाकू म्हणाल्या. "पोपटराव, लिहून घ्या. अध्यक्षबाईंनी जागा निवडली."