म्हाळसेची तीन चित्रे

एका राज्यात, जिथे नद्या डोंगराला वळसा घालण्याआधी त्याला विचारून घेत, शंखपाल नावाचा राजा होता. त्याच्या राजवाड्यापुढे कुमुदसर नावाचे सरोवर होते. सरोवरापलीकडे चंदनाचे वन होते. आणि राजवाड्यात इंदुलेखा राणी होती. राजाला कशाची वाण नव्हती. पण एक भय होते. जे आहे ते सरेल, हे भय. सरोवरावर शेवाळ धरले की त्याला घास गोड लागत नसे. वनात एखादे झाड वठले की तो दरबार भरवीत नसे. आणि एके सकाळी राणीच्या भांगाशेजारी त्याला रुपेरी केस दिसला, तेव्हा तो तीन दिवस कोणाशी बोलला नाही.

चौथ्या दिवशी नीलकेतू नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्याच्या हातात हस्तिदंती पेटी होती आणि पेटीत सात रंग होते.

"महाराज, या रंगांनी जे काढवून घ्याल, ते कधी जुने होणार नाही," तो म्हणाला.

"याचे मोल काय?"

"मोल मागाहून कळेल."

दरबारी तीन चित्रकार होते. पहिल्याने कुमुदसर काढले. त्याने शेवटचा हात फिरवला आणि बाहेरचे सरोवर तळापर्यंत कोरडे पडले. चित्रातल्या पाण्यावर मात्र लाटा हलू लागल्या. राजा म्हणाला, "बरे झाले. आता यावर शेवाळ येणार नाही." दुसऱ्याने वन काढले. वन नाहीसे झाले आणि चित्राला चंदनाचा वास येऊ लागला. राजा म्हणाला, "बरे झाले. आता एकही झाड वठणार नाही."

तिसऱ्या चित्रकाराला राजाने राणीपुढे बसवले. राणी म्हणाली, "महाराज, मला काढू नका."

"मी तुझे रक्षण करतो आहे," राजा म्हणाला.

चित्र पुरे झाले. आसन रिकामे झाले. चित्रात एका बागेत, अशोकाच्या झाडाखाली, राणी बसली होती आणि तिच्या केसांत एकही रुपेरी तार नव्हती. राजाने तिच्या हातावर हात ठेवला, तो कागदाला लागला. कागद थंड होता. तेव्हा त्याला मोल कळले.

तिन्ही चित्रकारांची बोटे लाकडासारखी झाली. नीलकेतू पेटी मिटून निघाला, तेव्हा राजाने त्याचे पाय धरले. मांत्रिक म्हणाला, "जे मोलाच्या हातांनी गेले, ते मोल न घेतलेल्या हातांनी परत येईल. ज्याने चित्राचे कधी काही घेतले नाही, त्याने, जे जिथून गेले तिथे बसून, आपल्या रंगांनी, जसे होते तसे तिघांना काढावे. खोटे उतरले तर काढणारा स्वतः कागद होईल."

दुसऱ्या दिवशी चित्रातली राणी उभी राहिली होती. तिसऱ्या दिवशी ती पाठमोरी झाली. बागेतली वाट तिला रोज थोडी ओढून नेत होती, आणि वाटेच्या टोकाला टेकडी होती. अमावास्येपर्यंत राणी टेकडीपलीकडे जाईल, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते.

राजवाड्यात दिवाबत्ती पाहणारी म्हाळसा नावाची बाई होती. वय पन्नाशीचे. सकाळी दिवे घासावेत, वाती वळाव्यात, तेल भरावे, आणि दुपारी मोकळा वेळ मिळाला की चित्रे काढावीत, हा तिचा रोजचा क्रम. दिव्यांची काजळी धरून ती काळा रंग करी. नदीकाठचा गेरू, रंगाऱ्याकडची नीळ आणि थोडा पिवळा हरताळ, एवढेच तिचे रंग. ते बाभळीच्या डिंकात खलायचे, खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला बांधायचा, आणि समोर जे असेल ते काढायचे. तेलाची बुधली. वातींची परडी. उन्हात निजलेले मांजर. ही चित्रे तिने कोणाला विकली नव्हती, कोणी मागितलीही नव्हती. फक्त इंदुलेखा राणी कधीकधी दुपारी तिच्या कोठीत येई, पोत्यावर बसे आणि चित्रे हातात घेऊन पाही. एकदा ती म्हणाली होती, "म्हाळसाबाई, बुधलीची सावली तुम्ही काळी केलीत. मला ती निळी दिसते." म्हाळसेने पुन्हा पाहिले, तर सावली निळीच होती.

राजाने मांत्रिकाची अट दवंडी पिटून गावभर कळवली. ती ऐकून म्हाळसा राजापुढे उभी राहिली.

"तू कोणापाशी शिकलीस?" राजाने विचारले.

"कोणापाशी नाही, महाराज."

"तुला जमेल?"

"ठाऊक नाही. पण राणीसाहेब माझ्या कोठीत बसत. तिथे आता कोणी बसत नाही."

राजाने मान खाली घातली आणि तिला जाऊ दिले.

म्हाळसा कोरड्या सरोवराच्या पायरीवर जाऊन बसली. गारगोटीने घोटलेला कागद तिने मांडीवरच्या फळीवर ठेवला, नीळ कालवली आणि सरोवर काढले. निळे, भरगच्च, काठोकाठ. शेवटचा कोपरा भरायचा राहिला होता, इतक्यात तिच्या डाव्या हाताची करंगळी वाजली. पाहते तर करंगळी कागदाची झाली होती.

शेजारच्या दगडावर एक भारद्वाज येऊन बसला. त्याचे पंख विटकरी होते आणि डोळे गुंजेसारखे लाल.

"फाड ते," पक्षी म्हणाला.

म्हाळसेने चित्र फाडले. करंगळी कागदाचीच राहिली, पण बाकीची बोटे वाचली.

"तू का सांगतोस?" तिने विचारले.

"वनात माझे घरटे होते. त्यात दोन अंडी होती. आता ती चित्रात आहेत. मी रोज खिडकीतून पाहतो, माझी मादी रोज त्यांच्यावर बसते, आणि ती फुटत नाहीत." पक्ष्याने मान वळवली. "बाई, तू इथे पाणी भरायला येत होतीस. तेव्हा तुला काय दिसे?"

म्हाळसा डोळे मिटून बसली. तिला पायऱ्या दिसल्या, उलट्या. काठची जांभूळ दिसली, तीही उलटी. धुणे बडवणाऱ्या बायकांच्या लुगड्यांचे लाल तुकडे दिसले, म्हशीची ओली पाठ दिसली, ढग दिसला. निळे पाणी तिला कुठेच दिसले नाही.

तिने दुसरा कागद घेतला. पायऱ्या काढल्या. जांभळीची सावली काढली आणि ती मधेमधे तोडली. लुगड्यांचा गेरू सांडल्यासारखा पसरवला. पाण्याच्या जागी तिने काहीच काढले नाही. कोरा कागद कोरा राहू दिला. अखेरीस कुंचला फडक्यावर टिपून जवळजवळ कोरडा केला आणि कागदावरून आडवा, हलका ओढला. घोटलेल्या कागदावर रंग कुठे लागला, कुठे सुटला. जिथे सुटला तिथे ऊन चकाकले.

तिच्या पायांना गार लागले. खाली पाहिले तर पाणी घोट्यापर्यंत आले होते. ती एक पायरी वर सरकली, मग आणखी एक. माध्यान्हीपर्यंत कुमुदसर भरले आणि राजवाड्यातले पहिले चित्र पांढरे झाले.

दुसऱ्या पहाटे उजाडताना ती वनाच्या जागी गेली. तिथे नुसती माती होती, धुके होते. तिने नीळ आणि हरताळ एकत्र करून हिरवा रंग केला आणि झाडे काढायला बसली. एकेक पान काढले, एकेक पान उजळले. दोन दिवस गेले. चित्र देखणे झाले, आणि तिचा डावा हात कोपरापर्यंत कागद झाला. वारा आला की तो फडफडे.

भारद्वाज म्हणाला, "बाई, एवढी पाने तू कधी पाहिली होतीस?"

"नाही. मी चंदन आणायला पहाटे जाई. धुक्यात काही दिसत नसे."

"मग जे दिसत नसे ते काढ."

म्हाळसेने तो कागदही फाडला. नवा कागद तिने सरोवरात बुडवला आणि निथळत असतानाच फळीवर पसरला. ओल्या कागदावर तिने हिरव्या-करड्या रंगाचे थेंब सोडले आणि हात मागे घेतला. रंग आपला आपण फुटला, पसरला, विरत गेला. कुठे खोड झाले, कुठे नुसता भास. तिला चारदा वाटले की आता हात लावावा. चारही वेळा तिने उजवा हात मांडीखाली दाबून धरला. कागद अर्धा सुकला तेव्हा तिने काजळीच्या तीन रेघा ओढल्या, जवळच्या तीन खोडांच्या. बाकीचे वन धुक्यात राहू दिले.

धुके उचलले तेव्हा ती झाडांमध्ये बसली होती. भारद्वाज तिथून केव्हाच उडाला होता. वरून कुठूनतरी घुमल्यासारखा आवाज आला, एकदा त्याचा आणि एकदा त्याच्या मादीचा.

अमावास्येला आठ दिवस उरले. राणी चित्रात टेकडीच्या पायथ्याशी पोचली होती, तिळाएवढी दिसत होती.

म्हाळसा सज्जात, राणीच्या रिकाम्या आसनासमोर बसली. राजा दाराशी उभा होता. ती म्हणाली, "महाराज, एक सांगते. चेहरे मला जमत नाहीत. म्हणून मी मांजर काढते, माणूस काढत नाही."

"मग काय करशील?"

"घाई करणार नाही. तेवढेच माझ्या हाती आहे."

तिने गेरू इतका पातळ केला की वाटीचा तळ दिसावा. त्याचा एक हात दिला आणि कागद सुकू दिला. त्यावर दुसरा दिला. दिवसाला तीन थर, त्याहून अधिक नाही. ओल्यावर ओले पडले तर रंग मळतो, हे तिला अनेक चित्रे बिघडवून कळले होते. गालाखालच्या सावलीला तिने नीळ घेतली. पाचव्या दिवशी कागदावर एक स्त्री दिसू लागली. कपाळ राणीचे होते, भुवया राणीच्या होत्या. भांगाशेजारचा रुपेरी केसही होता. पण ती स्त्री कोणीच नव्हती, आणि म्हाळसेचा डावा खांदा कागद होऊ लागला होता.

तेव्हा नीलकेतू आत आला. त्याने पेटी उघडली.

"माझे रंग घे. एका दिवसात चेहरा उतरेल," तो म्हणाला.

"कोणाचा?"

"तीनही लोकांतल्या सर्वांत सुंदर स्त्रीचा."

"मग तो आमच्या राणीसाहेबांचा नव्हे," म्हाळसा म्हणाली. मांत्रिक पेटी उघडी ठेवूनच बाजूला उभा राहिला. त्याला थांबायला वेळ होता.

म्हाळसा राजाकडे वळली. "महाराज, मी त्यांना दुपारच्या अर्ध्या घटकेपुरते पाहिले. आपण वीस वर्षे पाहिले. मला सांगा."

राजा म्हणाला, "तिच्या गळ्यात नवरत्नांचा हार असे. कानांत पाचूचे डूल."

"डूल मला काढता येतात. राणीसाहेब कशा आहेत, ते सांगा."

राजा बोलू लागला आणि थांबला. त्याला आठवत होते ते सगळे दागिने होते. तो तिथेच जमिनीवर बसला. सज्जातले ऊन एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर गेले. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "ती हसताना डावा हात ओठांवर धरते."

"का?"

"तिचा एक दात तिरपा आहे. लग्नानंतर पहिल्याच दिवशी मी म्हणालो होतो, तेवढा एक सोडला तर तू निर्दोष आहेस. तेव्हापासून ती हात धरते." तो पुढे म्हणाला, "मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती."

म्हाळसेने कुंचला पुन्हा भिजवला. आता तिला कळले की त्या ओठांचा उजवा कोपरा वर का जाई आणि तिथेच का थबके. तिने तो कोपरा एका थराने उचलला, दुसऱ्याने सावलीत नेला. दोन दिवस ती फक्त तेवढ्यावर बसली. राजा तिच्यासाठी पाणी बदलत राहिला, वाट्या धूत राहिला. एकविसाव्या थरात तिने ओठ किंचित उघडे केले आणि तिरपा दात दिसू दिला. राणीचा डावा हात तिने चित्रात मांडीवर काढला.

थर सुकत आला. म्हाळसेचा खांदा, दंड, कोपर, बोटे, एकेक करून पुन्हा हाडामांसाची झाली. तिने करंगळी वाकवून पाहिली. मग मान वर केली.

आसनावर राणी बसली होती. तिच्या पायांना बागेतली धूळ होती.

पेटीतल्या सात रंगांची राख झाली. नीलकेतूच्या अंगावरचा जरीचा झगा विटला आणि त्याच्या आत एक थकलेला म्हातारा उरला. त्याने पहारेकऱ्याला गावाबाहेरची वाट विचारली आणि तो हळूहळू निघून गेला. तिकडे तिन्ही चित्रकारांनी बोटे मिटली, उघडली, आणि एकमेकांचे हात हातात घेऊन पाहिले.

राजा राणीपुढे उभा होता. राणी म्हणाली, "महाराज, मला भूक लागली आहे. तिथे भूक लागत नव्हती."

राजा स्वतः मुदपाकखान्यात गेला. ताट कुठे असते, वाढप्याची पळी कुठे असते, हे त्याला विचारावे लागले. पण ताट त्याने दुसऱ्याच्या हाती दिले नाही. परत येताना भात थोडा सांडला. राणी जेवत होती तोवर तो समोर बसून राहिला आणि तिच्याकडे पाहत राहिला, नव्या देशातून चाललेल्या माणसासारखा.

जेवण झाल्यावर राणीने चित्र उचलून उजेडात धरले. खूप वेळ पाहिले.

"म्हाळसाबाई, डावा कान खाली आला आहे."

"हो, राणीसाहेब. नवव्या थरालाच कळले होते. पण तो सुकला होता."

"राहू दे," राणी म्हणाली, आणि तिने ते चित्र सज्जातल्या भिंतीला टेकवून ठेवले, जिथे दिवसभर ऊन येई.

पुढे त्या सरोवरावर शेवाळ आले आणि काढले गेले. वनात झाडे वठली आणि नवी उगवली. राजा-राणी म्हातारी झाली, एकमेकांच्या देखत. ज्याचे जे हरवले असेल ते त्याला असेच सापडो, आणि ऐकणाऱ्यांना ते ओळखता येवो.