गाडीने न पाहिलेले अण्णा

आमच्या गावचे नगराध्यक्ष बजरंगअण्णा म्हणजे एके काळचे नावाजलेले पैलवान. त्यांनी हौसेने रेसिंगची मोटरसायकल घेतली. अशा गाडीची स्प्रिंग स्वाराच्या वजनाप्रमाणे पान्याने कमीजास्त आटे फिरवून कसतात, म्हणून शिकंदर मिस्त्रीने वजन विचारलं. चार माणसांत अण्णा छाती काढून म्हणाले, "ऐंशी किलो! सगळ्या कुस्त्या त्याच गटात मारल्यात."

दुसऱ्याच दिवशी अण्णा कंबर धरून परत आले. "खड्डा आला की गाडी बुडाला आदळते! उद्या तुझ्या गॅरेजला कुलूपच घालतो."

शिकंदरने अण्णांच्याच तालमीतल्या ऐंशी किलोच्या पठ्ठ्याला गाडीवर बसवलं. स्प्रिंग झकास झुलली. मग अण्णा बसले आणि गाडीने बसकणच मारली.

लोक तोंड दाबून हसायला लागले. अण्णा गरजले, "म्हणजे मी खोटारडा?"

"छे छे, अण्णा! कुस्त्या मारल्या तेव्हा तुम्ही ऐंशीचेच होता. पण गाडी पडली यंदाची. तिनं ते अण्णा कुठं बघितलेत?"

अण्णांच्या मिशा थरथरल्या, मग पोट गदगदा हलायला लागलं. शिकंदरच्या कानाशी वाकून ते पुटपुटले, "एकशे पंधरा. कस, लेका. पण पाना लपवून फिरव, लोक आटे मोजतायत."