अंगठा

“तिच्यात असं काय आहे बाई, जे माझ्यात नाही?”

कुमुदिनी सिस्टरच्या पायात अजून चपला होत्या. प्रश्न मात्र केव्हाच घरात शिरला होता.

एस्तेरबाई साळवे गवार मोडत बसल्या होत्या. इस्पितळाच्या मेट्रन असताना ज्यांना त्यांनी घडवलं, त्या मुलींचेही केस आता पिकले. तरी रडगाणं घेऊन सगळ्या इथंच येतात.

“कुणात?” बाईंना ठाऊक होतं, तरी विचारलं.

“रेश्मात. सलाइन लावताना हात थरथरायचा तिचा. मी शिकवलं. आणि आज वॉर्डाची इन्चार्ज ती.”

“बरं.”

“वेळेवर डबा खाते. खाली बसून खाते, बाई. वॉर्ड भरलेला असला तरी दुसरीला उभं करून जाते. हक्कानं सुट्टी घेते. आणि पेशंट हाक मारतात तेही तिलाच. मी दिवसभर पळते, तर मला...”

बाई शेंगा मोडत राहिल्या.

“जळते मी तिच्यावर. सांगायची लाज वाटते, पण जळते. उद्या राजीनामा देणार आहे.”

“दे. त्याआधी माझी नाडी बघ जरा.”

कुमुदिनीनं बाईंचं मनगट धरलं. नजर घड्याळावर होती, डोक्यात रेश्मा होती.

थोड्या वेळानं तिचा चेहरा बदलला.

“बाई, फार जलद चाललीय. डॉक्टरांकडे चला. आत्ताच्या आत्ता.”

बाई जागच्या हलल्या नाहीत. त्या आपल्या मनगटाकडं बघत होत्या. तिथं कुमुदिनीचा अंगठा टेकलेला होता.

“पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं मी?”

“बोटं लावायची. अंगठा नाही.” कुमुदिनीचा आवाज खाली आला. “अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. पेशंटचे समजून आपण आपलेच मोजत बसतो...”

“रेश्माला हे कुणी शिकवलं?”

“मीच.”

बाईंनी तिच्या पिशवीत हात घालून डबा काढला. झाकण उघडलं. सकाळच्या पोळ्या घडीसुद्धा न मोडता तशाच होत्या.

कुमुदिनीनं मान फिरवली.

बाईंनी चटई अंथरली आणि डबा तिच्यापुढं सरकवला.

“जिची नाडी मोजलीस ना, तिला आधी जेवू घाल. बसवून.”