राउटरचे कान

विभावरीबाईंची नोकरीची ऑनलाइन मुलाखत अर्ध्या तासावर आली आणि स्वयंपाकघरातल्या जुन्या राउटरचं वायफाय सारखं येत-जात होतं.

तपासणीला आलेले इंजिनिअर खांबेटेसाहेब राउटरला हातही न लावता म्हणाले, "म्हातारा झालाय, बदला."

"अहो, त्याच्या बाजूचा मायक्रोवेव्ह लावला की नेमकं जातं."

"त्याचा काय संबंध? इंजिनिअर तुम्ही की मी?"

घड्याळाकडे बघत बाईंनी मिक्सर सुरू केला आणि हळूच काहीतरी विचारलं.

"काय? काही ऐकू येत नाही!" साहेब ओरडले.

बाईंनी मिक्सर बंद केला. "मग आता तुमचे कान बदलायचे का, साहेब?"

साहेबांनी राउटर उचलला आणि विचारलं, "बाहेरच्या खोलीत कुठे ठेवू?"